आकारामांनी हात वर केला

आकाराम गुळव्यांच्या घरी एकाच दिवशी कॉलेजची दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं की, तीस वर्षांच्या अनुभवाचे चार क्रेडिट हवे असतील तर मंगळवारी गुऱ्हाळावर गूळ करून दाखवावा. दुसऱ्यात होतं की, आपण या विषयातले जाणकार असल्यामुळे त्याच मंगळवारी परीक्षक म्हणून यावं.

त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, दोन्ही पत्रं दोनदा वाचून घेतली. "मंजी गूळ तुमी करायचा आन तपासायचा बी तुमीच?"

"तसंच दिसतंय."

"मग झालंच की काम."

आकारामांना मात्र धाकधूक होती. आष्ट्याजवळच्या त्या कॉलेजात गूळ शिकवायला बारमाही माणूस हवा होता. त्यासाठी पदविका लागायची आणि आकारामांच्या पदविकेत नेमके चार क्रेडिट कमी होते. गुऱ्हाळाच्या भट्टीपुढं, चुलवाणापुढं, उभं राहून डोळ्यांची पार वाट लागली होती. ही नोकरी त्यांना मनापासून हवी होती.

ते कॉलेजात गेले. परीक्षांचं काम बघणाऱ्या उत्कर्षा मॅडमनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "काका, यादीत गुळाचे जाणकार तुम्ही एकटेच आहात."

"मग आमच्या गुऱ्हाळावरच्या कोंडीबाला घ्या की."

"त्यांना आधी अनुभवाचं प्रमाणपत्र लागेल."

"ते कोण देतंय?"

मॅडमनी पुन्हा यादी पाहिली. "तुम्हीच."

मंगळवारी मॅडमनी रस उकळायच्या मोठ्या काहिलीपासून वीस पावलांवर टेबल-खुर्ची मांडली, आकारामांना बसवलं आणि अकरा पानी फॉर्म दिला. परीक्षकानं फॉर्म भरेपर्यंत जागा सोडायची नाही, असा नियम होता.

"आवं मॅडम, रस उकळाय लागलाय. काहिलीकडं कोण बगणार?"

"उमेदवार."

"उमेदवार हितं बसलाय न्हवं."

"इथं परीक्षक बसलेत," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचाही चेहरा जरा गोंधळलाच.

आकाराम 'उमेदवाराची कामावरील एकाग्रता' या रकान्यापाशी अडले. त्यांना राहवेना. उठायची परवानगी मागावी म्हणून त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

आता गुऱ्हाळावर गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं हात वर केला की काहील उतरवायची, हे कोंडीबा वीस वर्षं बघत आला होता. त्यानं गड्यांना हाक मारली, काहील उतरली, अर्धाकच्चा पाक गूळ थंड करायच्या वाफ्यात पडला आणि तासाभरानंही तो पातळच राहिला.

मॅडमनी वाकून पाहिलं. "काका, गूळ असाच असतो का?"

व्हय म्हटलं असतं तर भागलं असतं. तिथं विचारणारं दुसरं कोण होतं? पण असा गूळ आकारामांनी दुसऱ्या कुणाचा पास केला नसता. त्यांनी 'अनुत्तीर्ण' लिहिलं, सही केली आणि जड पावलांनी घरी आले.

"आपल्याच हातानं?" शालूबाईंनी कपाळाला हात लावला.

"हात वर बी मीच केला हुता."

पंधरवड्यानं तिसरं पत्र आलं. उमेदवार आकाराम नापास होते. मात्र निःपक्षपाती परीक्षण हाही अनुभवच असल्यामुळे परीक्षक आकाराम यांना चार क्रेडिट दिले होते. पदविका पूर्ण झाली होती, सोमवारपासून शिकवायला बोलावलं होतं.

"मंजी पास का नापास?" शालूबाईंनी विचारलं.

आकारामांनी पत्र पुन्हा वाचलं. "नापासच हाय. पर बराबर नापास केलं म्हणून पास."

शालूबाईंनी पत्राची घडी घातली. "मग आळीत वाटायचं काय?"

"त्यो पातळ गूळ हाय की," आकाराम म्हणाले. "वाट्या घिऊन या म्हणावं."