अस्वलाची नवी वेल

मुलांनो, एका जंगलात एक दरी होती. दरीच्या अलीकडे एक अस्वल राहायचं आणि पलीकडे एक दयाळ पक्षी. दरी किती खोल होती ते मला माहीत नाही. मध्ये मध्ये विचारू नका.

दयाळ फार सुंदर गायचा. अस्वलाला गाण्याचा नाद होता, पण अंग जड, दरी उतरून चढणं काही जमायचं नाही. म्हणून दोघांनी दरीवरून एक गुळवेल ताणून घेतली. पलीकडच्या टोकाला सुतारपक्षी बसायचा. तो दयाळाचं गाणं ऐकायचा आणि वेलीला हिसके द्यायचा. प्रत्येक सुराचे हिसके ठरलेले होते. अलीकडच्या टोकाला साळुंकी वेलीवर पाय ठेवून बसायची आणि हिसक्यांवरून तेच गाणं जसंच्या तसं गाऊन दाखवायची.

आता इथे नीट लक्ष द्या. हिसका बसतो, नाहीतर बसत नाही. गोड हिसका, भरदार हिसका असं काही नसतं. वेल तुटली किंवा कुजली तर गाणं अडखळेल, हे खरं. पण वेल धड असेल, तर ती गुळवेल आहे की सोन्याची साखळी, याने गाण्याला काही होत नाही. हे तुम्हाला कळलं. जंगलात कुणाला कळलं नव्हतं. पुढे चला.

अस्वलाला सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांचा कान मोठा तयार. गाणं संपलं की त्याच वेलीवरून ते उलट निरोप धाडायचे. "तिसऱ्या वळणावर घाई केलीस." नाहीतर, "शेवटचा सूर काल लागला होता, आज नाही लागला."

दयाळ चिडायचा. मग दिवसभर तेवढीच जागा घोटत बसायचा. बाकीचं जंगल त्याला "छान, छान" म्हणायचं आणि करवंदं खायला लागायचं. चूक सांगणारं असं हे एकच अस्वल होतं. दयाळ त्याच्यासाठीच गायचा, आणि त्याचा जीव होता त्या अस्वलावर.

एके दिवशी भाऊसाहेबांकडे एक उदमांजर आलं. अंगाला सुवास, बोलणं मऊ. त्याने गुळवेलीकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

"भाऊसाहेब, तुमच्यासारखा कान, आणि यावर ऐकता?"

"का? काय झालं?"

"नाही, काही नाही. चालतं लोकांना."

भाऊसाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उदमांजराने नवी वेल आणली. ती उत्तरेकडच्या उतारावर वाढलेली होती. तिच्यावर कोळ्याचं रेशीम गुंडाळलं होतं. तिचा रस एकाच दिशेने वाहत असल्यामुळे ती उलटी बांधून चालणार नव्हती. तिला झाडाझुडपांचा स्पर्शही चालणार नव्हता, म्हणून जागोजागी टेकू द्यायचे होते. टेकू वेगळे विकत घ्यावे लागत होते. भाऊसाहेबांनी कड्यावरचं अख्खं मोहोळ देऊन टाकलं.

संध्याकाळी बैठक जमली. साळुंकी गायली.

"दोन सुरांच्या मधली शांतता ऐकलीत?" उदमांजर हळूच म्हणालं. "किती काळीभोर आहे."

भाऊसाहेबांनी ती आजवर कधी ऐकली नव्हती. आता त्यांना तीच ऐकू यायला लागली.

"मला तर कालच्यासारखंच वाटतंय," साळिंदर म्हणालं.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कुणीतरी त्याला बसायला चांगली जागा दिली, आजारी माणसाला देतात तशी. पुढच्या बैठकीत साळिंदरालाही फरक ऐकू आला. चारचौघांत एकट्यालाच ऐकू न येणं फार अवघड असतं, मुलांनो.

पलीकडे दयाळ निरोपाची वाट पाहत होता. तिसरं वळण त्याने नव्याने बसवलं होतं.

"काय म्हणाले?" त्याने सुतारपक्ष्याला विचारलं.

"म्हणाले, शांतता काळीभोर आहे."

"आणि वळण?"

"वळणाचं काही नाही म्हणाले."

दुसऱ्या दिवशी दयाळाने ते वळण मुद्दाम चुकवलं. निरोप आला, "वेल आता रुळायला लागली आहे." मग त्याने वळण गाळूनच टाकलं. निरोप आला, "टेकूंमुळे खूप मोकळं वाटतं." मग त्याने मधलं आधी आणि आधीचं शेवटी असं काहीतरी गाऊन ठेवलं. भाऊसाहेबांनी उदमांजराला आणखी टेकू आणायला सांगितले.

दयाळाला रडू आलं. आपण बेसूर गायलो याचं त्याला वाईट वाटलं नाही. ते कुणी सांगितलं नाही, याचं वाटलं.

मग एका संध्याकाळी तो गायलाच नाही. चोच मिटून फांदीवर बसून राहिला. सुतारपक्षी वेल धरून बसला. अलीकडे साळुंकी वेलीवर पाय रोवून बसली.

"भाऊसाहेब, काहीच येत नाहीये," ती म्हणाली.

"शू," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

बैठक निःशब्द झाली. साळिंदराने काटे मिटून घेतले. सांबराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. उदमांजर नुसतं मान डोलावत होतं. अंधार पडेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

पलीकडे वेलीला हिसके बसायला लागले. दयाळ ताडकन उठला. गाणं का थांबलं, असं अस्वल विचारणार, याची त्याला खात्री होती. विचारलं की लगेच सुरू करायचं, असंही त्याने ठरवून टाकलं होतं.

"काय म्हणतात?"

सुतारपक्ष्याने हिसके पुन्हा एकदा नीट लावून पाहिले.

"म्हणतात, आज पहिल्यांदा एकही चूक झाली नाही."

दयाळ त्या फांदीवरून उडाला. कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. बैठका अजून होतात, आणि हल्ली जागा मिळत नाही म्हणे.

तात्पर्य : वेल बदलली की फार फरक पडतो. पडत नाही म्हणणाऱ्यांनी दयाळाला विचारावं.