मोठ्या घरची लाल गाडी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एकमेकांना चिमटे काढू नका.

फार लांब नाही अशा एका जंगलात एक नियम होता. थोरांनी पसंत केलेल्या वस्तूचं झाकण उघडून पाहायचं नाही. का, ते विचारायचं नाही. नियम कोणी केला, तेही विचारायचं नाही.

त्या जंगलात वैजू नावाची साळू राहायची. साळूला अंगभर काटे असतात, ठाऊक आहे ना? वैजू शिकलेली होती, म्हणून तिचे जरा लवकर उभे राहत. तिला घाटाखालच्या सशांच्या शाळेत नोकरी लागली. रोज घाट उतरायचा, रोज चढायचा. तिने घरी एक साधी, दणकट स्कूटर मागितली.

काकांनी बैठक बोलावली. काका म्हणजे घराण्यातले सर्वांत जाड साळिंदर. आपल्या घरची मुलगी स्कूटरवरून गेली तर रानडुकरं काय म्हणतील, याची त्यांना काळजी होती. रानडुकरं काहीच म्हणत नव्हती. पण काकांना ऐकू येत होतं.

तेव्हा ठरलं, स्पोर्ट्स कार घ्यायची. जुनी, पण लाल. ती अप्पासाहेब वानरांकडे होती.

गाडी बघण्याचा कार्यक्रम रीतसर झाला. काका फेटा बांधून बसले. आतून पोहे आले. गाडीही आली. चार माकडं तिला ढकलत होती, पण अगदी मानाने.

अप्पासाहेब प्रामाणिक होते. कोणी विचारत नसतानाही ते सगळं सांगत होते. इंजिन एकदा नदीत बुडालं होतं. काका म्हणाले, वय लहान असेल. गिअरबॉक्स बदलला होता, मग बदललेलाही बदलावा लागला. आत्या म्हणाली, असतं एकेकाचं, एका जागी मन रमत नाही. गाडी झाडावर आदळली होती, त्यामुळे पुढचा भाग दुसऱ्याच गाडीचा होता. काकांनी झाड कोणतं ते विचारलं. बाभळीचं होतं, असं कळल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. बाभळींना वळणच नसतं.

"ब्रेक लागतात का?" वैजूने विचारलं.

"लागतात की," अप्पासाहेब म्हणाले. "मनात आलं तर."

वैजू उठली आणि तिने बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची नळी फाटली होती. ती सुतळीने बांधली होती आणि सुतळीला लिंबू-मिरची लटकवली होती. आत्याने तोंडाला पदर लावला. नळी पाहून नव्हे. पाहुण्यांसमोर मुलीने झाकण उघडलं म्हणून.

काकांनी आवाज मऊ केला. "वैजू, घराणं बघ. रंग बघ. थोडं सांभाळून घ्यायचं, बाळ. जबाबदारी पडली की सुधारते."

वैजूचे काटे एकेक करून उभे राहिले.

"काका, ताईचं स्थळही तुम्ही याच अंगणात पसंत केलंत. मुलगा पितो, हात उचलतो, हे त्याचा बापच सांगत होता. तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. सांभाळून घे, सुधारेल. ताई आता माहेरी आहे, आत पोहे परततेय. तिच्या पाठीवर काटे उरलेले नाहीत."

आतला झाऱ्याचा आवाज थांबला.

"मी या गाडीत बसणार नाही," वैजू म्हणाली. "शाळेत पायी जाईन. तुम्हाला पसंत आहे ना? मग तुम्ही बसा. घाटाच्या तोंडाशी मी स्वतः ढकलून देते."

काकांनी गाडीकडे पाहिलं. मग उताराकडे. अप्पासाहेबांनी अदबीने दार उघडून धरलं.

सगळी बैठक आपापल्या बशीत बघत राहिली.

तात्पर्य: मुलींना फार शिकवू नये. नाहीतर थोरांनी पसंत केलेल्या गाडीत थोरांनाच बसायची वेळ येते.