बाकीचं मी बघते

‘एकही चॅनेल सापडलं नाही’ हे वाक्य सकाळपासून सहाव्यांदा टीव्हीच्या पडद्यावर उमटलं, तेव्हा मायलो ह्रूस्काने छताला असलेलं अँटेनाचं हँडल सोडलं आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा वाजले होते. कार्यक्रम एक वाजता होता.

मायलोची घरगाडी नेब्रास्काच्या त्या तळ्याकाठी उभी होती, पण तळ्यासाठी नव्हे. त्याला मासे पकडायला आवडत नसे आणि खायलाही. दोनशे मैल गाडी हाकत तो आला होता तो एका छोट्या टीव्ही केंद्राच्या टप्प्यात यायला. ते केंद्र दर रविवारी पोल्का नाचाचा एक तास दाखवी आणि आज चौदा वर्षांपूर्वीचा, चेक लोकांच्या सोकोल हॉलमधला तास पुन्हा दाखवणार होतं. त्या दिवशी हॉलमध्ये मायलो होता आणि त्याची बायको आर्डिस होती. आर्डिसला जाऊन आता अडीच वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो होते, चांगले डझनभर. पण फोटोत माणूस हलत नाही. ती हसायची कशी, चालताना खांदा कुठला पुढे टाकायची, हे मायलोला अलीकडे आठवेनासं झालं होतं. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

त्याने केंद्रात फोन करून टेपची नक्कल मागितली होती. फोनवरची बाई फार गोड बोलली आणि नाही म्हणाली.

"मग इंटरनेटवर तरी टाकाल का?"

"मिस्टर ह्रूस्का, ती टेप आम्हालाच जेमतेम चालवता येते. तुम्ही आपली अँटेना वर करा आणि बघा."

अँटेना वर करण्यात मायलोला काही अवघड वाटायचं कारण नव्हतं. तीस वर्षं त्याने तेच केलं होतं. छताचं हँडल गरागरा फिरवायचं, वर अँटेना उभी राहायची, मग ती हळूहळू वळवायची. आर्डिस टीव्हीशेजारी उभी राहून म्हणायची, "तू फिरव, बाकीचं मी बघते." मग थोड्या वेळाने तिचा आवाज यायचा, "हां… हां… थांब!" आणि चित्र आलेलं असायचं. आपण अँटेना फिरवण्यात उस्ताद आहोत, अशी मायलोची ठाम समजूत तिथेच झाली होती. आर्डिस गेल्यापासून अँटेना एकदाही वर गेली नव्हती. आता उस्तादाला झालं होतं काय, हे त्याचं त्यालाच कळेना.

"कुठल्या दिशेला फिरवतोयस?" दारातून आवाज आला.

शेजारच्या गाडीतला डेल्बर्ट होता. हा आयुष्यभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस, त्यामुळे तारेचं टोक कुठेही दिसलं की त्याला आमंत्रण लागत नसे. त्याच्या स्वतःच्या गाडीवर उपग्रहाची तबकडी होती. तिच्यावर दोनशे चॅनेल दिसत, फक्त हे एक सोडून.

"ईशान्येला."

"चूक. मनोरा पूर्वेला आहे." डेल्बर्टने खिशातून होकायंत्र काढलं. "जरा उजवीकडे घे. अजून. अरे, माझं उजवं! आता शोध."

शोध सुरू झाला. त्याला चार मिनिटं लागत. दोघे म्हातारे पडद्यासमोर हात बांधून उभे राहिले. दिशा थोडी थोडी बदलून असं पाच-सहा वेळा केलं, तरी चॅनेल सापडलं नाही.

"झाडं," डेल्बर्ट म्हणाला. "ही कॉटनवूडची झाडं सगळे सिग्नल पितात. पान ओलं असलं तर विचारूच नकोस. गाडी टेकाडावर न्यायला हवी."

"बारा वाजत आले."

"मग बोलत काय बसलायस? मी वीज आणि पाणी काढतो, तू इंजिन चालू कर."

डेल्बर्टने वीज काढली, पाण्याची नळी काढली, सगळं शिस्तीत केलं. अँटेना मात्र वरच राहिली. हे काही दोघांच्या मूर्खपणामुळेच झालं असं नाही. आर्डिसच्या काळात अँटेना वर गेली की गियरच्या दांड्यावर एक लाल चिमटा लागायचा, कपडे वाळत घालायचा. गियरला हात घातला की चिमटा बोटाला लागायचा आणि मायलो जीभ चावून अँटेना उतरवायला मागे यायचा. चिमटा लावणं हे ‘बाकीचं’मध्ये मोडत होतं. आज दांडा मोकळा होता. मायलोने गियर टाकला आणि गाडी हलली.

घरगाड्यांच्या त्या तळाची मालकीण ट्वायला ऑफिसच्या वरच्या मजल्यावर राहत असे. तिच्या सज्ज्यापासून समोरच्या खांबापर्यंत, रस्त्याच्या वरून, कप्पीवरची दोरी गेलेली होती. रोज तिच्याखालून गाड्या जात आणि कुणाचं काही बिघडत नसे. त्या दिवशी दोरीवर चार चादरी, दोन परकर आणि ट्वायलाचे बरेच खासगी कपडे होते.

"थांब!" डेल्बर्टची बायको नॉर्मा बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन येत होती, ती किंचाळली. "मायलो, थांब, ती दोरी!"

मायलोला वाटलं, ती निरोप देतेय. त्याने हात हलवला. कप्पी सुटली आणि घरगाडी डोक्यावर चादरींची झूल घेऊन डौलात टेकाड चढली.

वर पोचेपर्यंत ट्वायला मागून धावत आली होती. "अरे, माझं धुणं कुठे पळवतोस? अब्रू चालली माझी तळ्याभोवती!"

"ट्वायला, तुझ्याकडे टीव्ही आहे का?" मायलोने खाली उतरता उतरता विचारलं. त्याचा चेहरा असा होता की ती शिव्या विसरली.

"नाही रे. मला बोलायला माणसं पुरतात. का?"

मायलो छताकडे बघत होता. अँटेनाचा एक पंख मोडून लोंबत होता आणि त्याला ट्वायलाचा परकर अडकला होता.

डेल्बर्ट शिडी लावून छतावर चढला. त्याने पंखाला कपडे टांगायचा हँगर बांधला, वर स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळला आणि खाली ओरडून सांगितलं की आता चंद्रावरचं चॅनेलसुद्धा दिसेल. चार मिनिटं शोध झाला. काहीच दिसलं नाही. बारा बेचाळीस.

"मग आतली तार गेली," डेल्बर्ट आत येत म्हणाला. "या भिंतीतून जात असेल. ही टोपी काढ बघू."

टीव्हीशेजारच्या खुंटीवर आर्डिसची बागकामाची टोपी होती, गवताची, निळ्या फितीची. ती अडीच वर्षं तिथेच होती. मायलो गाडी झाडायचा तेव्हा टोपीच्या भोवतीने झाडायचा.

"टोपीला हात लावायचा नाही."

"अरे, तिच्यामागे तार—"

"हात लावायचा नाही म्हटलं ना! सकाळपासून तुझंच ऐकतोय. गाडी हलव म्हणालास, हलवली. आता अर्धी अँटेना उरलीय, आणि अठरा मिनिटं. तू घरी जा, डेल्बर्ट!"

डेल्बर्टने होकायंत्र खिशात टाकलं आणि तो पायरीवर जाऊन बसला. घरी गेला नाही, पण पाठ फिरवली. ट्वायला बाहेर चादरी गोळा करत होती.

नॉर्माने सॅलडचं भांडं टेबलावर ठेवलं, बरोबर आणलेली कोलाच्यांची ताटली ठेवली. खसखशीचं सारण भरलेले ते गोल पाव मायलोचा जीव होते. आज त्याने बघितलंही नाही.

"मायलो," ती म्हणाली, "तू फिरवायचास तेव्हा आर्डिस काय करायची?"

"काही नाही. इथे उभी राहायची."

"नुसती?"

"नुसती. हां, हां म्हणायची. एक हात असा…" मायलोने हात वर केला. हात आपोआप टोपीपाशी गेला आणि तिथेच थांबला.

मग त्याने टोपी स्वतः खुंटीवरून काढली, दोन्ही हातांनी. मागे भिंतीत एक छोटी पट्टी होती आणि पट्टीवर बटण. चष्म्याशिवाय सापडावं म्हणून बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेला होता. मायलोने ते दाबलं. शेजारी हिरवा दिवा लागला.

"बूस्टर!" डेल्बर्ट पायरीवरून ओरडला. "सिग्नल वाढवणारा बूस्टर बंद होता! अरे गाढवा, तीस वर्षं तू नुसता गोल गोल—"

"डेल्बर्ट, गप्प," नॉर्मा म्हणाली.

चौदा चॅनेल सापडली. एकला दोन मिनिटं कमी होती.

चौघे पडद्यासमोर दाटीवाटीने बसले. ट्वायलाच्या मांडीवर तिच्या चादरी होत्या. नॉर्माने मायलोच्या हातात कोलाच्यांची ताटली दिली आणि त्याने ती नकळत मांडीवर ठेवली.

"तासभर नाचलो होतो आम्ही," मायलो म्हणाला. "अगदी पुढे. बघाल तुम्ही."

अकॉर्डियन वाजू लागलं आणि सातव्या मिनिटाला आर्डिस आली. हिरवा झगा घातलेली, घाईघाईत, डावा खांदा किंचित पुढे टाकत. डावा! मायलोला हुंदका आवरेना. ती भिंतीकडच्या खुर्च्यांपाशी गेली आणि तिने एका माणसापुढे हात केला. तो माणूस मायलो होता. त्याने मांडीवरची ताटली दाखवून मान हलवली. ती हसली आणि कुणा म्हातारीला घेऊन नाचायला गेली.

विसाव्या मिनिटाला ती पुन्हा आली. ताटली पुन्हा भरलेली होती. पस्तिसाव्या मिनिटालाही तेच झालं.

"किती खाल्लेस रे?" ट्वायलाने हळूच विचारलं.

आपण तासभर नाचलो, हे मायलोने अडीच वर्षं रोज रात्री स्वतःला सांगितलं होतं. त्यात ती हिरव्या झग्यात असायची, तो तिच्यासमोर असायचा, ताटली कुठेच नसायची.

वादकांनी शेवटचा नाच, वॉल्ट्झ, जाहीर केला. आर्डिस चौथ्यांदा आली, वाकली, हात पुढे केला. तेवढ्यात छतावर काहीतरी खडखडलं आणि चित्र चौकोन चौकोन होऊन गोठलं. तिचा हात तसाच पुढे राहिला.

"माझा हँगर," डेल्बर्ट कुजबुजला.

मायलो उठला होता. आपण उठलो हे त्याला ताटली घरंगळली तेव्हा कळलं. नॉर्माने ती वरच्यावर झेलली. तो पडद्यासमोर उभा राहिला आणि हाताचं काय करावं ते त्याला सुचेना.

"त्या वेळी उठला होतास का रे?" नॉर्माने विचारलं.

"आठवत नाही," मायलो म्हणाला. "खरंच आठवत नाही गं. उठायला हवं होतं. चारही वेळा उठायला हवं होतं."

डेल्बर्ट शिडीवरून छतावर गेला आणि त्याने तो पंख हातात धरला. चित्र हललं. वॉल्ट्झ संपत आला होता. कॅमेरा वादकांवरून फिरत भिंतीपाशी आला. आर्डिस तिथे नव्हती. मायलोची खुर्ची रिकामी होती.

"आणखी आणायला गेला असशील," ट्वायला म्हणाली.

"नाही," नॉर्मा म्हणाली. "ते बघ."

खुर्चीवर ताटली होती आणि ताटलीत अर्धा खाल्लेला कोलाचा होता. तो टाकून मायलो ह्रूस्का कशासाठी उठेल, हे त्याला ओळखणाऱ्या कुणाला सांगावं लागलं नसतं. मायलो तो अर्धा कोलाचा, कॅमेरा पुढे सरकेपर्यंत, बघत राहिला.

"दिसतंय का?" वरून डेल्बर्ट ओरडला. "सोडू का? हात दुखतोय!"

"दिसलं," मायलो म्हणाला. "सोड आता. आणि डेल्बर्ट, खाली ये, कोलाचे आहेत."

संध्याकाळी ट्वायलाने कपडे पुन्हा वाळत घातले, तेव्हा एक चिमटा कमी भरला. शोधत ती टेकाडावर गेली. टोपी परत खुंटीवर होती, जरा बाजूला सरकवलेली, हिरवा दिवा दिसेल इतकी. अर्धी अँटेना अजून वरच होती. काचेतून तिला गियरच्या दांड्यावर आपला चिमटा दिसला. ट्वायला काहीही न बोलता परत फिरली, आणि तिच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं होतं.