कापडाचे दुसरे टोक

माणसाच्या मनात काय चालले आहे ते ऐकून घेणे आणि त्याबद्दल फी आकारणे हा माझा व्यवसाय आहे. अनेक वर्षे मी तो अत्यंत निष्काळजीपणे केला. समोरचा बोलायचा, मी ऐकायचो आणि तो गेल्यावर हाताशी जे पाकीट किंवा विजेचे बिल असेल त्याच्या पाठीवर दोन ओळी खरडायचो. 'झोप बरी. आईचा विषय अजून टाळतो.' फी किती, असे कुणी विचारले की मी भिंतीकडे बघत म्हणायचो, "द्या काय द्यायचं ते." त्यामुळे पैसेवाले कमी द्यायचे, गरीब लाजेकाजेस्तव जास्त द्यायचे आणि माणसे बरी होऊन निघून जायची. शिस्त म्हणून काही नव्हतीच.

अशातच आमच्या व्यावसायिक परिषदेचे पत्रक आले. प्रत्येक मानसशास्त्रज्ञाच्या नोंदी व फीचे व्यवहार नैतिक आहेत किंवा कसे, याची तपासणी होणार होती. मी घाबरलो. मी अनैतिक असल्याची मला शंका नव्हती, पण नैतिक असल्याचा पुरावाही नव्हता. परिषदेने पुरावा नसलेल्यांसाठी एक कार्यशाळा ठेवली होती. तिथल्या मुख्य वक्त्याने सांगितलेले एक वाक्य मी काळजावर कोरून घेतले, "जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही." तिथेच असेही कळले की आपल्याकडे येणाऱ्या माणसाला रुग्ण म्हणायचे नसते. सेवार्थी म्हणायचे असते.

परत येताना मी दोन कुलपांचे लोखंडी कपाट विकत घेतले. त्याची किंमत माझ्या कमाईच्या मानाने नाकापेक्षा मोती जड अशी होती, पण गोपनीयतेला मोल नसते. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी बायकोकडे. दोघे मिळून आल्याशिवाय कपाट उघडणार नाही अशी व्यवस्था.

"अहो, तव्यावर पोळी टाकलीय. आत्ता कुलूप उघडायला येऊ?" ती स्वयंपाकघरातून ओरडायची.

"गोपनीयतेला वेळ-काळ नसतो," मी म्हणायचो.

कपाटाला एक प्रवेशवही टांगली होती. कुठलीही नोंद कुणीही पाहिली तर त्यात नाव आणि पाहण्याचा उद्देश लिहायचा. बायकोने पहिल्याच दिवशी उद्देशाच्या रकान्यात 'धूळ' असे लिहिले. मी ते खोडून 'स्वच्छताविषयक प्रवेश' असे केले.

आमच्या घराची पुढची खोली हाच माझा दवाखाना. ती पहिल्या मजल्यावर, अगदी रस्त्याला लागून आहे. खिडकीला पडदा नसल्यामुळे माझ्या खुर्चीत कोण बसले आहे, कोण रडते आहे, हे अख्ख्या रस्त्याला दिसे. नोंदी मात्र दोन कुलपांत होत्या. पडद्याचे कापड केव्हाच समोरच्या शिंप्याकडे देऊन ठेवले होते. ते येईना म्हणून मी निरोप पाठवला, तेव्हा पडद्याऐवजी स्वतः शिंपीमास्तरच वर आले.

मास्तरांची बायको गेल्याला फार दिवस झाले नव्हते. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"डॉक्टर, माझं काम अडलंय. मी कापड पसरतो, खडूनं आखतो, कात्री हातात घेतो आणि मग..."

"एक मिनिट, मास्तर. मी डॉक्टर नाही. हे आधी स्पष्ट करणं माझं कर्तव्य आहे. तुम्हाला ते कळलं, अशी इथे सही करा."

त्यांनी सही केली. मग संमतीपत्र, मग गोपनीयतेची हमी, मग फीचे पत्रक. ते मी स्वतः तयार केले होते आणि मला त्याचा अभिमान होता. बोलण्याची फी, गप्प बसण्याची फी (ती थोडी कमी), नोंद लिहिण्याची फी, सगळे कसे आरशासारखे स्वच्छ.

"आणि रडू आलं तर?" मास्तरांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. रडणे बोलण्यात धरायचे की गप्प बसण्यात, यावर पत्रक काहीच सांगत नव्हते. मी दोन्हींची सरासरी सुचवली. त्यावर दुरुस्तीपत्र झाले, सह्या झाल्या. वेळ संपता संपता मास्तरांनी एवढेच सांगितले की शाळेच्या गणवेशांचे ठाणच्या ठाण दुकानात पडून आहे, कात्री लागत नाही आणि शाळा उघडायच्या आत गणवेश झाले नाहीत तर मुख्याध्यापिका बाई कापड परत नेऊन कारखान्याला देणार आहेत. "त्या एका कामावर माझं वर्ष निघतं. ते गेलं की दुकानाला कुलूप."

"कुलूप एक की दोन?" असे मी विचारले नाही. माझ्यात तेवढी संवेदनशीलता शिल्लक होती.

पुढच्या वेळी मी त्यांना त्यांचा हक्क समजावून सांगितला की आपल्याबद्दलची नोंद सेवार्थीला पाहता येते. मास्तर 'नको' म्हणत होते, पण हक्क नाकारल्याबद्दल वेगळा अर्ज भरावा लागतो हे कळल्यावर ते पाहायला तयार झाले. बायको आली, कुलपे उघडली. नोंदीत लिहिले होते: 'सेवार्थी बोलताना सदऱ्याचे बटण चाळवत होता.'

"बटण नाही, टेप चाळवत होतो. गळ्यात असतो माझ्या."

चूक गंभीर होती. ते सत्र दुरुस्तीत गेले. त्याच्या पुढचे सत्र दुरुस्तीची नोंद दाखवण्यात गेले, कारण तीत मी 'सेवार्थी नाराज वाटला' असे लिहिले होते आणि मास्तरांचे म्हणणे पडले की ते नाराज नव्हते, त्यांना घाई होती. मी ती घाई नोंदवली. ती त्यांना वाचून दाखवली. प्रत्येक वेळची फी त्यांनी चोख दिली आणि मी चोख पावती दिली. मधून मधून ते "कात्री हातात घेतो आणि मग..." एवढे म्हणायचे आणि माझ्या पेनाकडे बघून थांबायचे. माझा वेग कमी पडतो असे त्यांना वाटत असावे. भला माणूस.

एके दिवशी मात्र मी टोपण काढायच्या आत मास्तर उभे राहिले.

"साहेब, आज मला अडवू नका. कात्री घेतली की मी समोर बघतो. इतकी वर्षं आमची ही समोर उभी राहायची, कापडाचं दुसरं टोक धरून. ताणून धरायची आणि म्हणायची, 'हं, चालवा.' आता ते टोक नुसतं लोंबत असतं. हात पुढे जातच नाही. तुम्ही एकदा खाली येऊन ते टोक धराल का? एकदाच. पुढचं माझं मी बघतो. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते, तुम्हाला आता सगळं ठाऊक आहे."

पाकिटांच्या पाठीवर लिहिणारा पूर्वीचा मी असतो तर पायांत चपला सरकवून तसाच जिना उतरलो असतो. पण आता मी कार्यशाळा केलेला माणूस होतो. मी विचार केला. टोक धरण्याची फी घ्यावी, तर कापड धरण्याचे माझे कसलेही प्रशिक्षण झालेले नाही आणि न शिकलेल्या कामाची फी घेणे ही फसवणूक. फी घेऊ नये, तर एकाला फुकट सेवा दिल्याने बाकीच्या सेवार्थींवर अन्याय. मोबदल्यात मास्तरांनी पडद्याची शिलाई कमी करावी, तर तो सेवेच्या बदल्यात सेवा असा निषिद्ध व्यवहार. शिवाय त्यांच्या दुकानात उभे राहिल्यावर मी मानसशास्त्रज्ञ की मदतनीस, ही भानगड वेगळीच.

"मास्तर, मी परिषदेच्या नीतिसमितीला लेखी विचारतो," मी म्हणालो.

मास्तरांनी मान हलवली, फी ठेवली आणि गेले. त्या दिवशी त्यांनी पावती नेली नाही. मला वाईट वाटले. कुणाला वाईट वाटले याचा रकाना फक्त सेवार्थीसाठी असल्यामुळे ते तसेच राहिले.

रात्री जेवताना मी बायकोला एवढेच विचारले की एखाद्याने आपल्याला एखादी वस्तू धरायला सांगितली तर काय करावे.

"धरावी," ती म्हणाली.

"तुला त्यातली गुंतागुंत कळत नाही."

"नाही कळत. आणि तुम्ही नुसते उंटावरून शेळ्या हाका. तो तपासनीस यायचाय आणि खोलीला अजून पडदा नाही. मी जाऊन मास्तरांशी भांडते म्हटलं तर तेही नाही!"

मास्तर सेवार्थी झाल्यापासून मी तिला त्यांच्या दुकानाची पायरी चढायला बंदी केली होती. तेही नियमाला धरूनच.

तपासनीस आले तो शाळा उघडण्याच्या आधीचा दिवस होता. मुख्याध्यापिका बाई संध्याकाळी कापड न्यायला येणार हे मला माहीत होते. तपासनीस खिडकीकडे पाठ करून बसले आणि एकेक पान उलटू लागले. त्यांच्या डोक्यावरून मला समोरचे दुकान दिसत होते. मास्तर मेजापाशी रिकाम्या हातांनी बसले होते.

"या पानावर तारीख दोनदा आहे," तपासनीस म्हणाले.

"एक घडल्याची, एक लिहिल्याची."

"वा!"

इतक्यात मला आमचीच बायको रस्ता ओलांडताना दिसली. पदर खोचलेला. मी अर्धा उठलो आणि परत बसलो. ती दुकानात शिरली, हातवारे करू लागली. मास्तरांनी मुकाट्याने आमच्या पडद्याचे कापड काढून मेजावर पसरले. तिने एक टोक पकडून ओढले. मास्तरांनी घाईघाईने त्यांच्या बाजूचे टोक धरले. कापड मध्ये ताणले गेले. इतक्या लांबून ऐकू येणे शक्य नव्हते, पण त्या ओठांची आणि माझी लग्नानंतरची ओळख आहे. ती म्हणत होती, "कापा एकदाचं, नाहीतर परत द्या!"

मास्तरांनी वर बघितले. समोर कुणीतरी टोक धरून उभे होते.

त्यांनी कात्री उचलली. ती कापडात शिरली आणि सरळ, न थांबता, या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. मास्तर मेजावर डोके टेकून रडू लागले. सरासरीने रडले नाहीत, चांगले मोठ्याने रडले. बायको टोक न सोडता उभीच राहिली.

"डोळ्यांना काय झालं?" तपासनीसांनी विचारले.

"धूळ."

"कपाटातली?" त्यांनी माझा अर्धा गुण कापला.

"साहेब, मागे बघा! तो माणूस कापतोय!" माझ्या तोंडून निघून गेले.

"कोण माणूस?"

मी तोंड मिटले. "ते मी सांगू शकत नाही."

तपासनीस प्रसन्न हसले. "उत्तम. मुद्दाम विचारलं होतं." गोपनीयतेत मला पैकीच्या पैकी मिळाले. सेवार्थी बरा झाला का, असा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता, त्यामुळे तो विषय निघाला नाही. त्यांच्यामागे, रस्त्यापलीकडे, गणवेशाचे ठाण उलगडले जात होते. बायकोचे हात भरून आल्यावर शेजारीण आली आणि तिचे भरून आल्यावर खुद्द मुख्याध्यापिका बाईंनी टोक धरले. त्या कापड परत न्यायला आल्या होत्या.

मास्तर पुन्हा वर आले नाहीत. प्रकरण बंद करणे भाग होते. छापील पानावर बंद होण्याची तीनच कारणे दिली होती: स्थलांतर, थकबाकी, मृत्यू. बराच विचार करून मी 'स्थलांतर' निवडले. माणूस रस्त्याच्या या बाजूने त्या बाजूला गेला होता, एवढे तर खरे होते.

पडदे शिवून आले. सोबतच्या बिलात शिलाईखाली मास्तरांनी लिहिले होते, 'टोक धरल्याबद्दल वजा'. आमच्या घरातून कुणाला तरी प्रत्यक्ष उपयोग झाल्याचा तो एकमेव लेखी पुरावा आहे. मी तो कपाटात ठेवायला निघालो होतो, पण बायकोने तिची किल्ली दिली नाही. मग परिषदेचे प्रमाणपत्र आले आणि त्याच पाकिटात नीतिसमितीचे उत्तरही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते असे. 'आपल्या अर्जाचा साकल्याने विचार करता कापडाचे एक टोक धरण्यास समितीची हरकत नाही. दोन्ही टोके धरू नयेत.'

ही सर्व हकिगत मी व्यवसायबंधूंच्या मार्गदर्शनासाठी, कुणाचेही नाव न घेता इथे मांडली आहे. आता फक्त एक काम उरते. ही नोंद तुम्ही पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचली. मास्तर रडले तेही वाचले. प्रवेशवहीत तुमचे नाव आणि उद्देश लिहिणे मला बंधनकारक आहे. मास्तरांच्या काळजीपोटी वाचले, असे तुम्ही म्हणाल. पण दोन्ही हात मोकळे असताना मी त्यांना 'समितीला विचारतो' असे म्हणालो, तिथे तुम्ही हसला होतात.

तुमच्या नावापुढे मी 'करमणूक' असे लिहिले आहे. हरकत असल्यास लेखी कळवावे.