लाल फडक्याचा माठ

बिअर कशी प्यावी हे पाटस भागात फक्त मला कळतं, असं माझं चौऱ्याहत्तर सालापर्यंत ठाम मत होतं. निम्मी बिअर, निम्मं कैरीचं पन्हं, वर चिमूटभर जिरेपूड. उन्हाळ्यात यासारखं पेय नाही!

मी साखर कारखान्यात हंगामी कारकून. गाळप संपलं की घरी. आमचे मोठे केमिस्ट मारुतराव यांनी एक चिठ्ठी दिली असती तर मी कायम झालो असतो. म्हणून चैत्रातल्या एका दुपारी त्यांना क्वार्टरवर बोलावलं. त्याच दुपारी माझ्या बायकोचं, ललिताचं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. साहेबांच्या मंडळी सिंधूबाई पुढच्या खोलीत, साहेब आणि मी मागच्या अंगणात लिंबाखाली.

ओल्या वाळूत पन्ह्याचे दोन माठ होते. एकात मी ललिताच्या नकळत दौंडहून आणलेली बिअर ओतली आणि घोटाळा नको म्हणून गळ्याला लाल फडकं बांधलं. कारखान्यात लाल म्हणजे धोका, हात लावायचा नाही. मग साहेबांना आणायला फाटकापर्यंत गेलो. आलो तर अंगणात एकच माठ होता. साधा माठ बायकांनी आत नेला आणि याचं फडकं सुटलं असेल, असं समजून मी पेले भरले.

"हलकी हाय, पर पोचली," साहेब डोळे मिटून म्हणाले. तिसऱ्या पेल्याला त्यांची जीभ जड झाली. चौथ्याला त्यांनी मला मिठी मारली. "सोपान, तू माझा धाकटा भाऊ हायस. उद्या चिठ्ठी देतो."

मला मात्र काहीच चढत नव्हतं. मी स्वतःच्या तब्येतीवर खूश होतो.

तेवढ्यात पुढच्या खोलीत हशा उसळला. डोकावलो तर सिंधूबाई सातवा उखाणा घेत होत्या आणि साहेबांचं नाव त्यात 'मारुत्या' असं येत होतं. गौरीपुढे लाल फडक्याचा माठ होता, रिकामा. मी ललिताला स्वयंपाकघरात ओढून विचारलं.

"तुमीच लाल कापड बांधलं न्हवं? मला वाटलं, गौरीसाठी माठ सजवला. लई बरं वाटलं मला."

तिचा चेहरा पाहून खरं सांगायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलापुढे हात बांधून उभा राहिलो.

"कालचं मनावर घेऊ नका," साहेब खाली मान घालून म्हणाले. "पिल्यावर बोललेलं कुणी धरतं व्हय?"

मी तोंड उघडलं. साहेब, तुम्ही नुसतं पन्हं प्यालात, अगदी शुद्धीत होतात! पण मग बिअर कोण प्यालं, तेही सांगावं लागलं असतं. मी तोंड मिटलं.

"आन् हे बघा," साहेब म्हणाले, "घरच्यांनी तुमच्या पन्ह्याची कृती मागितलीय. असं पन्हं जन्मात प्याल्या न्हाईत म्हणं."

कृती मी लगेच लिहून दिली. एक जिन्नस सोडून.