केसरबाईंचं ताकदीचं औषध

रविराजने ज्वारीच्या पोत्यामागे हात घातला. बाटली गायब!

बाटली साधीसुधी नव्हती. फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाइन होती. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात, कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी हे पाहुण्यांना सांगायचं, ही रविराजची नोकरी. सुट्टीत चाखून अभ्यास कर म्हणून साहेबांनी ही बाटली दिलेली. पण गावी, युसूफ वडगावात, हे बोलायची सोय नव्हती, म्हणून आल्याआल्या त्याने ती पोत्यामागे लपवली होती. घरी त्याने 'हॉटेलात मॅनेजर हाय' एवढंच सांगून ठेवलेलं. कारण त्याच्या आई, केसरबाई, म्हणजे गावच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष! गेल्याच वर्षी मतदान घ्यायला लावून त्यांनी गावातली बाटली आडवी केली होती, दारूच्या दुकानाला कुलूप ठोकलं होतं. रविराजनेही बाटली आडवीच ठेवली होती म्हणा, पण ती वाइन तशीच ठेवतात म्हणून.

तो धावत स्वयंपाकघरात आला. बाटली गुळाच्या डब्याशेजारी उभी. आणि वरून चार बोटं रिकामी.

"आई! ही कुणी फोडली?"

"मीच की. बूच लई घट्ट व्हतं बाबा, कलथ्याच्या दांड्यानं आत ढकललं." केसरबाई भलत्याच खुशीत होत्या. "चित्रात द्राक्षाचा घड दिसला अन् लगेच वळखलं, द्राक्षासव! डेंग्यूनं तोंडाची चव गेलीय, ताकदीचं औषध आण म्हणून तुला फोनवर सांगितलं व्हतं. पोरानं ध्यानात ठेवलं बघ. पण लपवून कावून ठेवलं रं?"

द्राक्षासव रविराज साफ विसरला होता. खरं सांगावं तर नोकरीही उघडी पडणार आणि विसराळूपणाही.

"किती घेतलंस?"

"जेवल्यावर दोन चमचे, अन् तेवढंच पाणी. भूक लागायली बघ! अर्धी भाकर जास्त जातीय. काल सत्यशीलालाबी दिलं."

तेवढ्यात समितीच्या चिटणीस सत्यशीलाकाकू हातात वाटी घेऊनच दारात हजर. "केसरआक्का, औषध द्या की थोडं. लई गाढ झोप लागली. पण ठेचा-भाकरीवर घेतलं, तर तोंडाची नुसती आग आग झाली बघा."

"ठेच्यावर कावून घेतलं, काकू?" रविराजमधला हॉटेलवाला खडबडून जागा झाला. "तिखटावर ती भडकते! मुळात तुरट हाय ती, जीभ कोरडी करते. तिला चरबीचं काहीतरी लागतं. मटणाचा रस्सा करा, मिरची कमी, खोबरं चांगलं भाजून, मग बघा मजा! अन् पाणी घालून तिची चव घालवू नका. तासभर उघडी ठेवायची, मग वास घ्यायचा. आधी जांभळासारखा, अन् मागून नव्या लाकडी कपाटासारखा..."

एवढं बोलून झाल्यावर त्याने पाहिलं, तर दोघी त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"औषधाला मटणाचं पथ्य?" केसरबाईंनी विचारलं. "रवी, काय हाय हे?"

मग मात्र रविराजने सगळं सांगून टाकलं. काकूंच्या हातातली वाटी खाली पडली. "अगं बाई! अध्यक्ष अन् चिटणीस, दोघीबी?"

केसरबाई पाटावर बसल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हंजे माझं औषध तू आणलंच न्हाई."

दारूपेक्षा हेच त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांचे डोळे भरले आणि रविराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मोटारसायकल काढली, थेट तालुक्याचं केज गाठलं आणि द्राक्षासवाची बाटली घेऊन आला.

"चुकलो, आई."

"कष्टाचं खातोस, चोरी तर करत न्हाईस," केसरबाई म्हणाल्या. "पण मला खोटं सांगू नको, बस." मग त्यांनी ताटात भाकरी घेतली, आणखी अर्धी वर घेतली आणि जेवण झाल्यावर दोन चमचे औषध घेतलं.

काकूंनी चमचा पुढे केला, पण मध्येच मागे घेतला. "ह्याच्यात तसलं काय न्हाई ना रं?"

रविराजने बाटली फिरवून पाहिली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'यात आपोआप तयार झालेले अल्कोहोल आहे.' त्याने आईकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिचं ताट स्वच्छ झालं होतं.

"न्हाई काकू," तो म्हणाला आणि बाटलीची ती बाजू त्याने भिंतीकडे करून ठेवली. "हे कशासंगंबी चालतंय."