डोंगळे पकडणारे नाना

आमच्या शेजारचे नाना दिवसातून दहा वेळा स्वतःच्याच कॉम्प्युटरवर ओरडतात, "कोन पी राह्यनं रे?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरात कुणी दारुडा शिरला. धावत गेले, तर एकटे नाना! चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकलेलं. म्हणाले, "काही नही पोरी. डेटा चोरी जाई राह्यना."

नाना पाटबंधारे खात्यातले. जन्म कालव्यावर गेला. कालव्यात चोरून पाइप टाकून पाणी ओढतात ना, त्या पाइपांना डोंगळे म्हणतात. नानांनी नोकरीभर ते उपटले. आता जळगावात घरी बसून कॉम्प्युटरमधले उपटतात. फोनवर रोजचा दीड जीबी येतो, तोच कॉम्प्युटरला जोडतात. नियम एकच. जग इकडचं तिकडे होवो, संध्याकाळी सातला त्यातला अर्धा जीबी शिल्लक हवा. का, ते काही सांगत नसत. फार खोदलं की म्हणायचे, "शेवटना वावरले पानी पोचाले जोयजे. पहिला तं कसाबी पितस."

माझा कॉम्प्युटरचा क्लास, त्यामुळे सल्लागार मीच. कॉम्प्युटर गुपचूप स्वतःचे अपडेट उतरवतो, आपण न उघडलेले प्रोग्रॅमही मागे नेट खात बसतात, हे मी दाखवलं मात्र, नानांचे डोळे चमकले. "माय वं! बारा डोंगळा!" बाराही आम्ही बंद केले. पण मग गडी थांबेचना. बातमीचं पान उघडलं की नेट बंद, मग चवीचवीनं वाचन. भजनं पेनड्राइव्हवर. आणि कुणी फोटो पाठवला तर तो उघडायचाच नाही, "फारच छान! दृष्ट काढा" असं उत्तर धाडून मोकळं व्हायचं. रावेरच्या चुलतभावानं वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागेचा फोटो पाठवला, त्यालाही हेच गेलं. तो भाऊ तीन महिने बोलला नाही.

"नाना, एवढा चिकटपणा कशाला? जास्तीचा पॅक घ्या की!" मी चिडवायची.

"पानी शे म्हनीसन सांडानं का?"



गेल्या मंगळवारी मात्र घोळ माझ्या हातून झाला. माझा प्रिंटर रुसला, म्हणून एक फॉर्म छापायला नानांकडे गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं फोटो-फायलींचं खातं उघडलं, फॉर्म छापला, आणि खातं तसंच उघडं ठेवून चहा पीत बसले. तेवढ्या वेळात माझ्या मामेबहिणीच्या लग्नाचे झाडून सगळे फोटो त्यातून आपोआप कॉम्प्युटरवर उतरले. पावणेसातला नानांनी पाहिलं, तर डेटा संपलेला.

"कोन पी ग्यं?"

"नाना... मीच."

म्हटलं, आता आपली काही खैर नाही. पण नाना ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. "अक्का वाट पाही राह्यनी व्हई," एवढंच बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झटकन माझ्या फोनचं नेट जोडून दिलं. बरोबर सातला स्क्रीनवर एक म्हातारी आली. चोपड्याची, नानांची थोरली बहीण. पलीकडे फोन तिच्या सुनेनं धरलेला. नानांनी टेबलावरचा दिवा स्वतःच्या तोंडावर वळवला आणि आवाज न काढता, तोंड चांगलं मोठं उघडून विचारलं, "जेवनी का?"

"जेवनू रे भाऊ. तू?" अक्का हसली.

अक्काला तीन वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही. कानाचं मशीनही उपयोगाचं नाही. ती समोरच्याचे ओठ वाचते. नेट कमी पडलं की चित्र धुरकटतं, ओठ दिसत नाहीत, आणि बोलणं तिथंच संपतं. फोन हातात धरला तर नानांचा हात थरथरतो, म्हणून कॉम्प्युटर. वीस मिनिटं दोघं काय बोलली म्हणाल, तर भाजी कोणती, गुडघा कसा आहे, शेजारची म्हैस व्याली का. मी कोपऱ्यात उभी, डोळे पुसत.

बोलणं संपलं. भिंतीवर नानांचा नोकरीतला फोटो होता, अख्ख्या कालव्याला धाक बसेल अशा झुबकेदार मिशांचा. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मिशा कधी काढल्या, नाना?"

नाना दिवा विझवत म्हणाले, "तीन वरीस व्हयनात. व्हट झाकाई जायेत पोरी, अक्काले वाचता येये नही."